येळवशीचा उरलेला खडा

खडा मी टाकला होता. आमच्या गावात आजही लोक सांगतात की तो नावाड्यानं टाकला, आणि ते तसं सांगतात कारण मी तशी साक्ष दिली होती.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी एकवीस वर्षांचा होतो. गाणगापूरच्या खालच्या अंगाला भीमेच्या पात्रात एक बेट होतं. वस्ती अजिबात नव्हती; गाळाच्या जमिनीत आमची ज्वारी असायची. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, सगळं घर नावेनं तिकडं जायचं. शेताची पूजा करायची, अंबील प्यायची, भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचे, उन्हं उतरली की परतायचं.

बसल्या माणसांना बोट करून मोजू नये, असं आमच्याकडं मानतात. म्हणून नावाड्यानं स्वतःची रीत काढली होती. जाताना प्रत्येकानं एक खडा गाडग्यात टाकायचा, परतताना नावेत चढलं की एक उचलून नदीत सोडायचा. गाडगं रिकामं झाल्याशिवाय शेवटची खेप सुटायची नाही.

त्या दिवशी परतीच्या दोन खेपा झाल्या. पहिलीत बायका-पोरं गेली. दुसरीत आम्ही पुरुष बसलो, आणि गाडग्यात एक खडा उरला. नावाड्यानं बेटाकडं तोंड करून हाका मारल्या. ज्वारी पुरुषभर उंच होती. आतून ओ आली नाही.

मला घाई होती. दिवस बुडताना पेटता पलिता घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत पळायची आम्हा पोरांत चढाओढ असे, आणि आदल्या वर्षी मी हरलो होतो. पुढं बसलेले चुलतभाऊ त्यावरूनच माझी टर उडवत होते. मी नावाड्याला म्हणालो, खडा आत्याचा असेल. ती टाकायला विसरली आणि बायकांबरोबर गेली.

"डोळ्यानं बघितलात का, अण्णा?"

"व्हय, बघितलो."

मी बघितलं नव्हतं. गाडग्यात हात घालून मी तो खडा पाण्यात सोडला; पुढच्यांच्या गलक्यात ते कुणी ऐकलं-बघितलं नाही.

त्या वर्षी मी पहिला आलो.

घरी बायकांना वाटलं होतं, आत्या पुरुषांबरोबर येईल. ती कुणाबरोबरच आली नाही, हे जेवायला बसल्यावर कळलं. नावाडी ताटावरून उठून नाव घेऊन गेला आणि सकाळी तिला घेऊन आला. बेटाच्या खालच्या टोकाला तिचं प्रेत लव्हाळ्यात अडकलं होतं. उन्हाळ्यात तिथून पायी उतार असतो, तिला तेवढंच माहीत होतं; अंधारात ती तिथून पाण्यात उतरली असणार. तिला कमी ऐकू यायचं. हाका मारल्या तेव्हा ती ज्वारीपलीकडं हरभरा खुडत असणार, कारण लुगड्याच्या ओट्यात भाजी तशीच बांधलेली होती. मी त्या भाजीकडं बघत राहिलो. मला रडूही आलं नाही. कुणी काय बोलतंय ते कळत नव्हतं, नुसती तोंडं हलताना दिसत होती.

चावडीत नावाड्यानं सरळ सांगितलं की खडा अण्णांनी टाकला. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, वडिलांनीही. आत्या त्यांची थोरली बहीण. आईमागं तिनंच त्यांना वाढवलेलं.

"मी खड्याला हात लावलो न्हाई," मी म्हणालो. "ह्यानंच टाकला."

आवाज इतका सहज निघाला की माझा मीच दचकलो. ठाण्याच्या अमिनानं, म्हणजे फौजदारानं, ते उर्दूत लिहून घेतलं, मी खाली सही केली. गावानं त्याची नाव काढून घेतली. चार दिवसांत तो बायकोपोरांसह निघून गेला.

निजामाचं राज्य गेल्यावर काही वर्षांनी तो मला गाणगापूरला, संगमाच्या घाटावर भेटला. यात्रेकरूंची ओझी वाहत होता. मला बघून ओझं खाली ठेवून जवळ आला. आता हा चार माणसांत बोलणार, असं मला वाटलं. तो हळूच म्हणाला,

"अण्णा, एक विचारू का? त्यो खडा म्याच टाकलो व्हतो का वं? समदे तसंच म्हणायलेत. बायको बी म्हणायली. मला तर आता काईच आठवंना झालंय."

शिव्या, मार, पोलीस, सगळ्याची मी इतकी वर्षं मनात तयारी केली होती. याची केली नव्हती. एक शब्द पुरला असता.

"जाऊ द्या मामा," मी म्हणालो, "झालं ते झालं."

"म्हंजे म्याच," तो म्हणाला. भर घाटावर वाकून त्यानं माझे पाय धरले आणि माझ्या आत्याची माफी मागितली. मी पाय मागं घेतले नाहीत.