पोपटाला वाढलेली तर्री

माझे वडील हातमागावर लुगडी विणायचे आणि स्वतःला पोपटांचे मोठे जाणकार समजायचे. सत्तरच्या दशकात आमच्या अख्ख्या विणकर मोहल्ल्यात पोपट पाळणारे ते एकटेच. वासरात लंगडी गाय शहाणी! उन्हाळ्यात पिंजऱ्याला ओलं पोतं बांधायचं, मांजर दिसली की माग सोडून धावायचं आणि पेरूची पहिली फोड पोपटाला. आम्हा लेकरांना उरलेला पेरू. मला त्या पोपटाचा राग यायचा, खोटं कशाला बोलू?

रविवारी घरी मटणाचा रस्सा व्हायचा, वर बोटभर लाल तर्री. अशाच एका रविवारी पोपट हिरवी मिरची कुरतडत होता. ते पाहून वडिलांचं डोकं चाललं.

"मिरची खाते, त तर्री काहून नाही खाणार?"

"पाखरू हाये ते," आई म्हणाली, "जवाई नाही."

पण तोवर तर्रीत बुडवलेली पोळी पिंजऱ्यात गेली होती. पोपटानं तिचा फडशा पाडला आणि वडिलांनी आईकडे विजयी नजरेनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पोपट पिसं फुगवून, डोळे मिटून बसला. पेरूकडे बघेना. माझा सगळा राग कुठल्या कुठे पळाला. मी भोकाड पसरलं. वडिलांनी सायकलच्या हँडलला पिंजरा अडकवला, मला मागे बसवलं आणि गुरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टर म्हणाले, "अहो, पोपटाला मिरची तिखट लागतच नाही. तुमच्या तेला-मिठानं आजारी पडला तो. आता साधं पाणी, शांत जागा. जगला तर त्याचं नशीब."

तीन दिवस आमचा माग बंद होता. वडील पिंजऱ्याजवळ बसून चमच्यानं थेंब थेंब पाणी पाजत होते. जेवण त्यांनाही गोड लागेना. चौथ्या सकाळी पोपटानं त्यांच्या हातातून पेरूचा तुकडा ओढून घेतला, वर बोटही चावलं. वडिलांचे डोळे भरून आले.

"चुकलो गा मी," ते पोपटाला म्हणाले. "माफ कर मले."

आई कणीक मळता मळता तशीच दारात आली.

"वीस वर्सं झाले लग्नाले," ती म्हणाली. "मलेबी म्हना ना असं कधी."

वडील गडबडले. त्यांनी हातातली उरलेली फोड तिच्यापुढे धरली.

"फोड नको," आई म्हणाली. "शब्द पायजे."