इळा, इला नव्हे

आमच्या बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारायचं काम सत्तावीस वर्षं एकच माणूस करत होता. सगळे त्यांना पुकारेमामा म्हणत. मी शेजारी आरक्षणाच्या खिडकीवर. आमच्या मध्ये फक्त एक काच.

त्यांच्या मुलीने लेकीचं नाव इळा ठेवलं तेव्हा मामा नाराज झाले.

"इळा? गवत कापायचा विळा?"

"बाबा, इळा म्हणजे पृथ्वी. लाखात एक नाव आहे."

"माझ्या माइकला हा ळ चालायचा नाही," म्हणत मामांनी तिला इलाच म्हणायला सुरुवात केली. नात चार वर्षांची झाली तरी त्यांच्या हाकेला ओ द्यायची नाही. मामांना त्याची मोठी गंमत वाटे.

एकदा मुलीला कामावर जास्त वेळ थांबावं लागणार होतं, म्हणून ती दुपारी इळाला मामांकडे सोडून गेली. पोर कोपऱ्यात स्टुलावर बसून चित्रं रंगवत होती. एका गाडीचा फलाट बदलला, मामा दोन मिनिटं माइकवर बोलले आणि मागे वळले. स्टूल रिकामं होतं.

त्यांनी टेबलाखाली, दाराआड, पाण्याच्या टाकीजवळ पाहिलं. मग काचेवर टकटक केली. त्यांचा चेहरा पाहून मी खिडकी बंद करूनच उठलो.

"चार वर्षांची मुलगी हरवली आहे. निळा फ्रॉक. नाव इला." त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच असा चिरका ऐकला.

पाच मिनिटांत दोन मुली हजर. एकीचा फ्रॉक हिरवा होता, तिची आई चिडलेली. "ही इला माझ्या हाताला धरून चालली होती, तरी तुमच्या शिपायाने अडवलं." दुसरी होती इरा. लाखात एक म्हटलेलं नाव, आणि त्याच्या आसपासचीच नावं घराघरांत निघत होती. मामांची नात मात्र कुठेच नव्हती. मी स्वच्छतागृहं पाहून आलो, उपाहारगृहाच्या मागचा नाला पाहून आलो. 

मामांनी मुलीला फोन केला. पोर सापडत नाही म्हणून सांगितलं.

"बाबा, काय नाव पुकारलंत?"

"इला."

"तिला मीच शिकवलंय, कुणी इला का विचारलं तर सरळ नाही म्हणायचं." आणि ती रडायला लागली.

 मामांनी माइक ओढला आणि "इळा" म्हणाले. एकदा, दोनदा, दहादा. ळ त्यांच्या घशात अडकत होता. कुणीच आलं नाही.

तेवढ्या वेळात चार गाड्या सुटल्या होत्या. मामांच्या बोटांना आकडे दाबता येईनात, म्हणून मीच एकेका कंडक्टरला फोन लावू लागलो. पहिला नाही म्हणाला. दुसराही. तिसरा म्हणाला, "निळ्या फ्रॉकची आहे एक, पण ती आजीबरोबर आहे. तुमचा पुकारा ऐकून मी विचारलं ना, तू इला का? नाही म्हणाली."

"त्या आजींना विचारा."

"झोपल्यात त्या."

"उठवा."

गाडीचा घरघराट ऐकत आम्ही दोघं एकाच फोनला कान लावून उभे होतो. मामांच्या कपाळावरचा घाम माझ्या गालाला लागत होता. कंडक्टर परत आला तेव्हा त्याचीही बोबडी वळली होती. "त्या म्हणतात, पोर माझी नाही."

मामांनी फोन हिसकावून घेतला. "तिच्या कानाला लावा." आणि हळूच म्हणाले, "इळा."

"ओ," पलीकडून आवाज आला. "आबा, आई याच गाडीने घरी जाते ना? मी तिच्यासाठी जागा धरलीय."

ड्रायव्हरने पुढच्या थांब्यावर गाडी उभी केली. आम्ही रिक्षाने तिथे पोचलो. मामांनी नातीला उचलून घेतलं.

मुलीने त्यानंतर चार महिने इळाला स्थानकावर पाठवलं नाही. मामांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. त्यांना अधूनमधून स्वप्न पडायचं, ते मला चहा पिताना सांगत: माइक चालू आहे आणि नाव आठवत नाही.