भागाबाईनं टाकलेलं गाणं

गावात कोणी गेलं की पहिला निरोप सोयऱ्यांना जायचा आणि दुसरा भागाबाईला. शिंदखेड्याजवळच्या त्या गावात तसं होऊनच गेलं होतं. भागाबाई हातातलं काम खाली ठेवायची, पदर डोक्यावर ओढायची आणि निघायची. मढ्याच्या उशाशी बसून तिनं पहिली ओळ उचलली, की तोवर भिंतीसारख्या बसलेल्या बायकांना रडू फुटायचं. तिचा आवाज काही गोड नव्हता, जरा फाटकाच होता. पण भल्याभल्या नटांना जन्मभर जे साधत नाही ते तिला साधलं होतं. ओळ उचलायच्या आधी ती थांबायची. त्या थांबण्यातच अर्धं घर हलून जायचं.

या गाण्यांना नियम होते. ती शिकवायची नसतात. थोरल्या लेकीनं आईशेजारी बसून, एकेका मयतीला ऐकत ऐकत ती उचलायची. ज्या घरात मयत झालं त्या घरात दहाव्यापर्यंत ती म्हणायची, त्यानंतर नाही. आणि जिथं कोणी गेलेलं नाही अशा छपराखाली तर तोंडातून शब्दही काढायचा नाही. मढ्यावाचून म्हटलेलं गाणं मढं शोधत फिरतं, असं भागाबाईची आई सांगायची, तिचीही आई सांगायची.

भागाबाईची थोरली लेक कुंदाबाई. ती चोपड्याला दिलेली, त्यामुळे गावातल्या मयतींना तिचं येणं क्वचितच. ती बालवाडीत शिकवायची. नवरा पितांबर जिनिंगमध्ये कापूस तोलायचा. माणूस गमत्या. बायकोला लोकांदेखत ‘मास्तरीणबाई’ म्हणायचा आणि ती रागावली की तराजूकडे बघितल्यासारखं तिच्या तोंडाकडे बघून म्हणायचा, “आज वजन जास्त भरतंय.”

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्याला काही प्राध्यापक मंडळींनी एका जुन्या वाचनालयाच्या दोन खोल्यांत लोकस्मृती केंद्र काढलं. तोवर गाणी, कहाण्या, जुन्या आठवणी यांचा अभ्यास म्हणजे कॉलेजातलं काम, पदवीवाल्यांचं. या मंडळींनी उलटंच ठरवलं. ज्या गावाची गाणी, त्याच गावच्या माणसानं ती गोळा करायची आणि मग पुन्हा लोकांत नेऊन ऐकवायची. देवळाच्या ओट्यावर, शाळेच्या पटांगणात, तालुक्याच्या यात्रेत. केंद्राचे प्रमुख यादव सर म्हणायचे, याला शिक्षण लागत नाही, कान लागतात. पेपरात तशी चार ओळींची बातमी आली आणि ती पितांबरनंच कापून आणली.

कुंदाबाईच्या आयुष्याला जणू दुसरा अंक लागला. तिला केंद्रात प्रशिक्षण मिळालं, टेपरेकॉर्डर मिळाला, थोडं मानधनही. सुट्टी पडली की दोघं एसटीनं निघायची. ती बायकांशी बोलायची, तो त्या डब्याची, टेपरेकॉर्डरची, बटणं सांभाळायचा. केंद्राची पद्धत अशी, की टेपच्या सुरुवातीला गाव, गाणारी, विचारणारी आणि यंत्र चालवणारा यांची नावं बोलायची. कुंदाबाई सगळी नावं खणखणीत सांगायची आणि शेवटी अडायची. नवऱ्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मग म्हणायची, “यंत्र आमच्या घरच्यांनी चालवलं.” धुळ्याला त्या टेपा ऐकताना यादव सर हसायचे. आमच्या घरचे नावाचे गृहस्थ फारच मेहनती दिसतात, म्हणायचे.

जात्यावरची गाणी जमली, आखाजीच्या सणाची जमली, कानबाई देवीची जमली. पण कुंदाबाईच्या मनात एकच होतं. मायचं गाणं. भागाबाईचा दम आता पुरत नव्हता, ओळीच्या शेवटी आवाज विरायचा. ती गेली की सगळंच जाणार. कुंदाबाईनं दोनतीनदा विषय काढला. दर वेळी भागाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही लेकीनं भरल्या घरात सरण रचायला सांगितलं होतं.

मग भिकुबाई गेली. ही भागाबाईची जाऊ. एका चुलीवर दोघींचा जन्म गेलेला. कुंदाबाई आणि पितांबर पहिल्या बसनं पोचले. पिशवीत डबा होता, पण काढायची हिंमत कुंदाबाईला झाली नाही. भागाबाईनंच पिशवीकडे बोट केलं. तिच्या मनात आपलं मरण होतं. उद्या मी गेले तर माझ्या उशाशी पहिली ओळ तुलाच धरावी लागेल, तू तर इथं नसतेस, मग शिकणार कधी, असं ती म्हणाली. डबा लाव. पण ऐकायचं ते शेतात, नदीवर, उघड्या आभाळाखाली. कोणाच्या घरात नाही.

पितांबरनं बटण दाबलं. भागाबाई थांबली. मग ओळ आली.

“कथी गयी वं भिकुबाई, दार तुनं उघडंच राह्यनं…”

बाई, तू कुठं गेलीस, तुझं दार तसंच उघडं राहिलं. दर कडव्याला उघडी राहिलेली एकेक गोष्ट यायची. दार, पेटी, पाण्याचा माठ. आणि दर कडव्याला भिकुबाईचं नाव. सगळं डब्यात आलं.

पुढचे कितीतरी दिवस कुंदाबाई तापीच्या वाळूत बसून ती टेप ऐकायची. पितांबर लांब उभा राहून ढोरं हाकलायचा.

हिवाळ्यात धुळ्याला केंद्राचा मोठा मेळावा ठरला. पुण्या-मुंबईचे अभ्यासक येणार होते आणि ज्यांची गाणी त्या बायकाही गावोगावहून येणार होत्या. केंद्र पुढं चालायचं तर हा मेळावा रंगायला हवा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुंदाबाईनं यादव सरांना मायच्या टेपबद्दल सांगितलं. तो माणूस सभ्य. त्यांनी विचारलं, आईंची हरकत नाही ना? कुंदाबाईनं घटकाभर विचार केला. माय म्हणाली होती, कोणाच्या घरात नाही. हॉल म्हणजे घर कुठं? तिथं चूल नाही, उंबरा नाही, कोणी निजत नाही, कोणी जन्मत नाही. ज्याला घर म्हणता येत नाही तिथं घराचा नियम कशाला लागेल? तिला हे अगदी बरोबर वाटलं. मायला मात्र तिनं विचारलं नाही. तिला मायचं कौतुक होताना बघायचं होतं आणि ते अचानक व्हावं असं तिच्या मनात होतं.

पितांबर सासूला अक्का म्हणायचा; तो एकदा म्हणाला, “अक्काले इचारी तरी ले.” ती म्हणाली, तुम्ही बटणं सांभाळा.

मेळाव्याच्या दिवशी भागाबाई पहिल्या रांगेत बसली होती. नवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. तिच्या जात्यावरच्या गाण्याला लोकांनी मान डोलावली तेव्हा ती लाजून पदराआड हसली. असं सुख तिच्या चेहऱ्यावर लेकीनं कधी पाहिलं नव्हतं. शेवटी कुंदाबाई माइकपुढं आली. म्हणाली, आता माझ्या मायचं सगळ्यात मोठं गाणं. आणि यंत्रापाशी बसलेल्या पितांबरकडे पाहून तिनं मान हलवली.

हॉलमध्ये भागाबाईचं ते थांबणं ऐकू आलं. मग ओळ.

पुढच्या खुर्च्यांवरची मंडळी डोळे पुसू लागली. मागं बसलेल्या खेड्यातल्या बायका मात्र एकेक करून उठल्या. एक पोटुशी होती, तिला दोघींनी हाताला धरून बाहेर काढलं. अंगणात नळ होता, तिथं त्या पायांवर पाणी घ्यायला लागल्या. गाणं संपलं. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल टाळ्यांनी भरून गेला. टाळी म्हणजे कलावंताचा घास. पण त्या दिवशी ती एका म्हातारीच्या तोंडावर बसली.

भागाबाई उभी राहिली होती. टाळ्या थांबल्यावर तिनं विचारलं, “कोन मरनं आठे?”

कुंदाबाई धावत खाली आली. माय, हे घर नाही गं, हॉल आहे, म्हणाली.

भागाबाईनं वर पाहिलं. “छप्पर शे ना?”

यादव सर हात जोडून उभे होते. पितांबरनं सासूला नळावर नेलं आणि स्वतः वाकून तिच्या पायांवर पाणी घातलं.

गावी परतल्यावर भागाबाई घरात न शिरता आधी नदीवर गेली. अंघोळ केली आणि ओलेत्यानं गाणं टाकलं. एखादं फळ देवाला सोडून द्यावं तसं. ज्या आवाजानं गाणं मोकाट सुटलं तो आवाजच बंद केला, तर कदाचित ते फिरायचं थांबेल, लेकीच्या दारापर्यंत जाणार नाही. त्यानंतर गावातून निरोप आले, ती गेली, उशाशी बसली आणि मुकी राहिली. बायका समजल्या. हळूहळू निरोप येईनासे झाले.

मेळावा गाजला होता. केंद्रानं कुंदाबाईला कायमची संघटक नेमलं. तिनं टेप कपाटात टाकून कुलूप लावलं आणि पहूरपासून चोपड्यापर्यंत गाणी गोळा करत फिरत राहिली. मढ्यावरच्या गाण्याचं मात्र कुणाला विचारलं नाही.

पुढच्या कापसाच्या हंगामात पितांबर तोलकाट्यापाशीच कोसळला. हात तराजूच्या साखळीत तसाच राहिला होता, असं घेऊन येणाऱ्यांनी सांगितलं.

भागाबाई गावाहून आली. दारातल्या बायकांनी वाट करून दिली, सगळ्यांना तिची कीर्ती माहीत. ती लेकीशेजारी बसली. कुंदाबाईनं डोळे मिटले आणि ते थांबणं ऐकलं. मायचं ओळीआधीचं थांबणं. ते लांबत गेलं. लांबतच गेलं.

“माय,” कुंदाबाई म्हणाली, “एक ओळ म्हन. त्यांच्यासाठी.”

“मी टाकी दिनं, बेटा.”

पितांबर गाण्यावाचून गेला. नवऱ्यावर बायकोनं म्हणायचं नसतं, तिच्या वतीनं तिच्या माहेरच्यांनी म्हणायचं असतं. कुंदाबाईला रडूही आलं नाही. मायलेकी दिवसचे दिवस समोरासमोर बसून असायच्या. दोघींच्या मनात एकच गोष्ट होती. ते गाणं धुळ्याहून निघून कुठं पोचलं, ही.

दहावा जवळ आला तेव्हा भागाबाई एका दुपारी म्हणाली, “तो डबा काढ.”

कुंदाबाई बघतच राहिली. तू तर टाकलंस ना, म्हणाली.

“टाकं ते मी. डबानी थोडं टाकं शे?” भागाबाई म्हणाली. मग घरावरून नजर फिरवून हळूच म्हणाली, आता या छपराला चालतं.

कुंदाबाईनं कपाटाचं कुलूप काढलं, टेप डब्यात घातली. डबा जमिनीवर ठेवला. बटण कोणतं हे तिला माहीत होतं, तरी हात जाईना. ते काम तिचं नव्हतं. शेवटी तिनं दाबलं.

टेप घरघरली. गावाचं नाव, मायचं नाव, तिचं स्वतःचं. मग तिचाच आवाज म्हणाला, यंत्र आमच्या घरच्यांनी चालवलं.

थांबणं. आणि ओळ. “कथी गयी वं भिकुबाई…”

कुंदाबाईचे ओठ हलले. भिकुबाईच्या जागी जे नाव हवं होतं ते मात्र ओठांवर येईना. ते घ्यायची तिच्या जिभेला सवयच नव्हती, आणि आता तर तिला कोणी अडवणारंही राहिलं नव्हतं. तिनं आईकडे पाहिलं.

भागाबाईनं सूर लावला नाही. तिनं टाकलं होतं, ते टाकलेलंच राहिलं. दारातून हाक मारावी तशा साध्या आवाजात ती म्हणाली, “पितांबर.”

टेपमधलं दार उघडं राहिलं. पुढच्या कडव्यात पुन्हा भिकुबाईचं नाव आलं, आणि पुन्हा भागाबाई म्हणाली, “पितांबर.” पेटी उघडी राहिली, माठ उघडा राहिला. प्रत्येक जागी ती ते नाव ठेवत गेली, आणि कुंदाबाई आईच्या मांडीवर डोकं ठेवून, टेप संपून नुसती घरघर उरली तरी, रडत राहिली.