उजव्या पंखातल्या वायरी

माझी आते गेली तेव्हा तिच्या विमानाचा उजवा पंख उघडा होता.

आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शालनआते म्हणजे बाबांची मोठी बहीण. वेंगुर्ल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होती. रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात, हिने दोन सीटच्या विमानाचा किट मागवला आणि कट्टा गावात आमच्या घरामागच्या काजूच्या गोदामात जोडायला बसली.

"जल्मभर वायरी जमिनीत पुरलंय. आता वर न्हेतंय." कुणी विचारलं की एवढंच सांगायची.

मी तिची हेल्पर. कुडाळला सोलर-इन्व्हर्टरच्या दुकानात काम करते, त्यामुळे आपल्याला वायरिंग येतं असा माझा समज होता.

तो तिने पहिल्याच आठवड्यात खोडून काढला.

पंख म्हणजे आत फासळ्या आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. पत्रा रिवेट मारून बंद केला की आत हात जात नाही. आणि मला तर पत्रा मारायची कोण घाई.

"बाय, पत्रो खंय पळान जाणा नाय. आधी वायर खंयसून जातली तां सांग."

एकही वायर न कापता तिने पंखभर लोकर ताणली. टोकाच्या दिव्याची हिरवी, लँडिंग लाइटची पिवळी, अँटेनाची निळी. वायर कुठे वळेल, कुठे पत्र्याच्या कडेला घासेल, कुठे कोण कोणाच्या वाटेत येईल, सगळं लोकरीवरच भांडून ठरायचं. पुढेमागे दुरुस्ती निघेल म्हणून प्रत्येक टोकाला हातभर जास्त.

आणि शेवटी एक रिकामी नळी. आत नुसती दोरी.

"ही कसली गो आते?"

"अजून आपल्याक सुचली नाय, त्या वायरीची."

शेजारची काकू येऊन विचारून गेली, स्वेटर कोणासाठी.

डावा पंख असा पूर्ण झाला. उजव्याला लोकर लावली आणि शेतातल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोच्या तापाने तिला गाठलं. भातलावणीचे दिवस होते, ताप अंगावर काढला. भोकाला रबर बसवल्याशिवाय त्यातून वायर न जाऊ देणारी बाई, स्वतःचा ताप मात्र पॅरासिटामॉलवर ढकलत राहिली.

मला अजून राग येतो तिचा.

विमान दोन सीटचं. एकीवर पायलट, दुसरीवर आते, असं ठरलेलं. ती गेल्यावर मी घरात जाहीर केलं की दुसऱ्या सीटवर मी बसणार.

बाबा म्हणाले, "एक गेली. दुसरी गमावची नाय माका."

"ती इमानान नाय गेली, बाबा. लेप्टोन गेली. मगे शेतात जावचां पण बंद करा."

दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

मग जवळच्या एका कॉलेजला विमान देऊन टाकायचं परस्पर कबूल करून आले. गेटवर उभं राहील, खाली आतेच्या नावाची पाटी. मी खूप भांडले. उपयोग झाला नाही.

गेल्या महिन्यात कॉलेजचे लोक बघायला आले. दोघं सज्जन माणसं, कौतुकाने फिरून बघत होती. म्हणाले, "हा पंख तेवढा बंद करून द्या काका. पेंट आम्ही करू."

"आणि आतल्या वायरी?" हे बाबांनीच विचारलं. मी तर रुसून दारात उभी.

"त्या कशाला? उडवायचंय थोडंच. पंधरा ऑगस्टला वरून एलईडीची माळ सोडू, हायवेवरून मस्त दिसेल."

बाबा उजव्या पंखाजवळ गेले. लोकर अजून तशीच होती, थोडी धूळ बसलेली.

पाहुण्यांशी बाबा नेहमी शुद्ध मराठी बोलतात. त्या दिवशी नाही बोलले.

"माझ्या भैणीन खेळणां नाय केलेला. खेळणां व्हया तर सावंतवाडीत जावा. लाकडाची बरी गावतत."

त्यांना वाटलं गंमत, ते हसले. बाबा हसले नाहीत. चहा मात्र व्यवस्थित पाजला आणि फाटकापर्यंत सोडून आले.

परत येऊन मला म्हणाले, "भीती वाटता ती वाटतलीच, ती काय जावची नाय. पण तिच्यासारख्यां कर सगळां. अर्धवट केलंस तर मी बसाक देवचंय नाय."

आज सकाळपासून आम्ही दोघं उजव्या पंखात वायरी ओढतोय. मी मुळाशी, बाबा टोकाशी.

विमानाला दिशा सांगणारा एक सेन्सर या पंखात टोकाकडे बसतो. जवळ लोखंड किंवा जास्त करंटची वायर आली की तो चुकतो. त्यामुळे आधी साधं होकायंत्र ठेवून जागा तपासायची.

ठेवलं. काटा भलतीकडेच.

लाइट बंद केली. वायरी लांब केल्या. तरी काटा जागेवर येईना. मध्येच हलायचा, मध्येच थांबायचा. तासभर डोकं खाल्लं त्याने माझं.

शेवटी मान वर करून बघते तर पलीकडे बाबा वायर धरून वाकलेले, आणि कमरेला अडकवायच्या आकडीत कोयती. सकाळी माडाची झावळं तोडून तसेच आलेले. बाबा सरकले की काटा सरकत होता.

"बाबा, ती कोयती भायर ठेवा."

ठेवून आले. काटा उत्तरेला जाऊन गप्प उभा राहिला.

बाबांनी वाकून काटा बघितला. "शालनान माका कोयतीसकट भायर काढलो असतो," म्हणाले आणि हसले. मग तिथेच जमिनीवर बसून रडले. वर्षभरात पहिल्यांदा. मीही रडले.

मग नाक पुसून उठले. "सोड वायर. मी ओढतंय."

परवानग्या, तपासण्या, इंजिन, सगळं व्हायचंय अजून. होईल. पंख घाईत बंद करणार नाही. आणि विमान कुठल्याही गेटवर उभं राहणार नाही.

शालनआते, तुला मनापासून नमस्कार.

दुसऱ्या सीटवर मी बसणार आहे. बाबांना माहीत आहे.