विचारू नये ते विचारलं

आमच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या एक बाई होत्या. मी गणित शिकवत असे. शिक्षिकांच्या खोलीत आम्हा दोघींच्या खुर्च्या शेजारी होत्या आणि सात वर्षं आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं. दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. बाईंचे यजमान तरुणपणीच गेले होते, मूलबाळ नव्हतं. त्या भावाच्या घरी राहत. तिथं आपली अडचण होते हे कधी हसून, कधी चिडून सांगत. मग एक वर्ष असं आलं की त्यांनी सांगणंच सोडलं. डबा आणेनात. मुलींचे टाके चुकले तरी रागावेनात.

दिवाळीच्या सुटीआधी मात्र बाई अचानक मोकळ्या झाल्या. सगळ्यांशी हसून बोलल्या, कुणाला लोकर दिली, कुणाला नमुन्यांची वही. स्वतःची मोठी कात्री, जिला त्या कुणाला हात लावू देत नसत, ती मला दिली.

"अहो, तुम्हाला नको का?" मी विचारलं.

"मला आता काही लागून नाही राहिलं. मन कसं हलकं झालं पहा."

"चांगलं झालं," मी म्हणाले.

सुटी संपायच्या आत बाईंनी स्वतःचा जीव दिला.

भावानं सगळ्यांना हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. शाळेत आम्हाला बोलावून बजावण्यात आलं की मुलींच्या कानावर वेडंवाकडं काही जाता कामा नये. मग शोकसभा झाली. वर्षभरात जिनं एकदाही "बाई, तुम्हाला काय होऊन राहिलं?" म्हणून विचारलं नव्हतं, ती प्रत्येक शिक्षिका त्यांच्या हसतमुख स्वभावावर बोलली. मीही बोलले. माझं बोलणं फार चांगलं झालं, असं सगळ्या म्हणाल्या. त्या कौतुकाची किळस मला आजही येते.

लढाई संपली आणि छाटणी सुरू झाली. माझे यजमान लष्कराच्या कोठारात कारकून होते, कागदावर तात्पुरते. त्यांचं नाव पहिल्याच यादीत आलं. आमचं शहर हिंदी मुलखातलं; तिथल्या दीक्षितपुरा मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं, सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी. घर माझ्या पगारावर चालू लागलं. उपाशी कुणी राहिलं नाही, पण यजमानांना तेच खुपत होतं. सासूबाई आल्यागेल्याला हसत सांगायच्या, "आमच्याकडे आता सून कमावते अन् लेक घर राखतो." लेक तिथंच बसलेला असे.

त्यांनी कमानिया गेटला जाणं सोडलं. तिथल्या एका दुकानाच्या फळीवर बसून मित्रांबरोबर वर्तमानपत्र वाचण्याची त्यांची जुनी सवय होती. मित्रांपैकी एकही घरी आला नाही. बिनकामाच्या माणसाशी बोलायचं काय, असं त्यांना वाटलं असेल. दाढी वाढली. जेवायला हाक मारली तर "तुम्ही जेवून घ्या" एवढंच. चार महिने असे गेले. आणि मी? मी शाळेतल्या पोरींच्या वह्या तपासत होते.

माघातल्या एका रविवारी सकाळी त्यांनी दाढी केली. आईच्या पाया पडले. दुपारी पत्र्याची पेटी काढून मला समोर बसवलं आणि एकेक कागद समजावून सांगू लागले. "रेशनकार्ड नव्यानं करायचं झालं तर अर्ज असा लिहायचा. पोरीचा जन्माचा दाखला या पाकिटात आहे. घरमालकाचा करार हा." लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि या माणसानं मला कधी एका कागदाला हात लावू दिला नव्हता. मी मन लावून ऐकत होते. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. वाटलं, अखेर यांना मी माणूस वाटायला लागले.

सगळं बांधून ठेवल्यावर ते म्हणाले, "चलो, झालं. आता मन हलकं झालं."

हे शब्द मी ऐकले होते.

"अहो," मी म्हटलं, "तुमच्या मनात जीव द्यायचं येऊन राहिलं का?"

"काय बोलून राहिली तू! डोकं फिरलं का?"

"फिरलं असेल. पण मले सांगा."

त्यांनी पेटीची कडी लावली, पुन्हा काढली. मग हळूच म्हणाले, "तुले कोणी सांगितलं?"

"शिवणबाईंनी."

ते रडले. मला मिठीत वगैरे घेतलं नाही, आमच्यात तशी रीत नव्हती. भिंतीकडे तोंड करून रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि म्हटलं, "आज कुठं जायचं नाही. उद्याचं उद्या पाहू." दुसरं काही मला सुचलं नाही.

सासूबाईंनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या त्या माझ्यावरच. "सवाष्णीच्या तोंडून असं अभद्र! तूच त्याच्या डोक्यात हे भरवलं." मला देवापुढे नाक घासायला लावलं. लेकाला मात्र एका शब्दानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. ओळखीचे, आपल्याच लोकांतले. जीव द्यायचा प्रयत्न करणं तेव्हा गुन्हा होता, त्यामुळे तो विषय निघताच भलीभली माणसं बहिरी होत. डॉक्टर म्हणाले, "हे मी ऐकलंच नाही असं समजा." झोपेचं औषध लिहून दिलं आणि घाईनं पुढच्या रोग्याला हाक मारली.

शेवटी मी शेजारच्या भैयाजींना सांगितलं. रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झालेले. जातीचे नाहीत, भाषेचे नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बहू, मेरा छोटा भाई भी ऐसे ही गया। घर में आज तक बोलते हैं, साँप ने काटा।" पुढं म्हणाले, "किसी ने पूछा नहीं था उससे। मैंने भी नहीं।"

अधारतालच्या पुढे महाराजपूरला त्यांची पेरूची बाग होती. दुसऱ्या सकाळी त्यांनी दारात उभं राहून हाक मारली, "चलिए बाबूजी, पेड़ों को पानी देना है, मुझसे अकेले नहीं होता।" यजमान नको नको म्हणाले. भैयाजी चौकटीतून हललेच नाहीत. असे ते रोज येत राहिले. बागेत काय बोलणं होई ते मला कळलं नाही, बहुधा काहीच नाही. पण यजमान परत आले की जेवत.

महिन्याभरानं त्यांना कळलं की भैयाजींना मी सांगितलं होतं. "माझी लाज तू गल्लीत नेऊन टाकली. काहून सांगितलं?"

"तुम्ही जिवंत राहावं म्हणून."

दोन दिवस ते माझ्या हातचं जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी बागेत मात्र गेले.

पुढं त्यांना एका वकिलाकडे कागदांच्या नकला उतरवायचं, नक्कलनविशीचं काम मिळालं. त्यानंतर ते बावीस वर्षं जगले, मुलीचं लग्न पाहिलं, नातू खेळवला. त्या रविवारचा विषय पुन्हा निघाला नाही. पण माझ्याकडे सरळ पाहून बोलणं त्यांनी त्या दिवसापासून सोडलं, ते सोडलंच. पाहुण्यांत म्हणत, "आमच्या मंडळींचा स्वभाव फार संशयी." लोक हसत. मीही चहा देत हसे. माझ्यापुढे उघडं पडल्याबद्दल त्यांनी मला माफ केलं नाही. भैयाजींना मात्र ते दर होळीला कडकडून भेटत.

मी हे सगळं लिहून काढते आहे असं कळल्यावर मुलगी म्हणाली, "आई, बाबांचं हे जगाला काहून सांगते?" मी लिहीतच राहिले. शाळेत नंतर मी मुख्याध्यापिका झाले, माझ्या हाताखाली पुष्कळ बायका आल्या. एखादी गप्प झाली, डबा आणेनाशी झाली की मी तिला खोलीत बोलावून, दार लावून, स्पष्ट विचारत असे. बऱ्याच जणी चिडल्या. काही जणी खुर्चीत बसून तासभर बोलल्या, आणि मी त्यांचे तास दुसऱ्यांना दिले. पाठीमागं सगळ्या मला अभद्र बाई म्हणत. म्हणोत.