तळघरातला शिवणवर्ग

आर्णीच्या बाजारात खेमसिंगच्या इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानाखाली अर्धवट बांधलेलं तळघर होतं. ना गिलावा, ना फरशी. दीपमालेनं ते शिवणवर्गासाठी मागून घेतलं, तेव्हा सासू म्हणाली, "भुयारात बसून कपडे शिवशीन काय वो?" पण घरच्या ओसरीत चौथी मशीन मावत नव्हती आणि शिकायला येणाऱ्या नऊ झाल्या होत्या.

पैसा बेताचाच. तिनं स्वतः भिंतींना चुना मारला. ओली जमीन झाकायला खाली पोती अंथरली, वर जाहिरातींचे जुने फ्लेक्स उलटे करून टाकले. छताची वाळू कापडावर झडू नये म्हणून जुनी लुगडी ताणून बांधली. भंगारातला कूलर नवऱ्यानं दोन दिवस खटपट करून चालू केला. एप्रिलचं ऊन बाहेर अंग भाजत असताना खाली असा गारवा, की शिवायचं काही नसलेल्या बायकाही टेकायला येऊ लागल्या.

त्रास एकच होता. रस्त्याच्या पातळीवरच्या दोन झरोक्यांतून झळा यायच्या, आणि धूळ थेट पांढऱ्या कापडावर बसायची. एका रविवारी दीपमालेनं दोन्ही झरोके फ्लेक्स लावून टेपनं पक्के बंद केले.

मे महिन्यात चौकातली डीपी जळाली. दुपारभर लाइट नाही. खेमसिंगनं दुकानापुरता भाड्यानं जनरेटर आणला आणि उन्हात तापू नये म्हणून जिन्याच्या तोंडाशी सावलीत ठेवला. खाली कूलर बंद होता, पण मशिनी पायाच्या. चार्जिंगच्या दिव्यांवर काम चालू राहिलं.

तासाभरानं सलोनी म्हणाली, "ताई, डोकं ठणकून राह्यलं." एकोणीस वर्षांची पोर, वर्गात सगळ्यांत चपळ. तिची शिवण त्या दिवशी वाकडीतिकडी जात होती.

"उपाशी आली असशीन. जाय, मापं घ्यायच्या पडद्यामागं पड जराशी."

मग दुसरीला मळमळलं. तिसरी कपाळ दाबत बसली. दीपमाला कात्री उचलायला वाकली आणि गुडघ्यांतलं बळच गेलं. वर जनरेटर घरघरत होता. धुराचा वास मघापासूनच येत होता. तिला तो रस्त्यावरच्या गाड्यांचा वाटला होता. तिची नजर बंद झरोक्यांकडे गेली.

"उठा! सगळ्या वर चला! काही घेऊ नका, चला!"

दोघींना दंडाला धरून ओढावं लागलं. जिन्यात एक कोसळली, तिला बाकीच्यांनी उचललं. वर येताच दीपमाला ओरडली, "खेमसिंगभाऊ, बंद करा ते मशीन!" तिनं डोकी मोजली. आठ. पुन्हा मोजली. आठच.

सलोनी पडद्यामागं होती.

दीपमालेनं बाहेरून लाथा मारून दोन्ही झरोक्यांचे फ्लेक्स आत पाडले. खेमसिंगनं तिचा हात धरला. "ताई, जाऊ नको, तू बी पडशीन!" तिनं हात झिडकारला, छातीभर श्वास भरला आणि जिना उतरली. पोर जमिनीवर निपचित होती. काखेत हात घालून ती तिला ओढत निघाली. शेवटच्या पायऱ्यांवर श्वास सुटला आणि डोळ्यांपुढं अंधार आला. तेवढ्यात खेमसिंगनं खाली उतरून सलोनीचे पाय उचलले.

दवाखान्यात सलोनीला ऑक्सिजन लावला. तिनं डोळे उघडेपर्यंत दीपमाला दाराशी उभीच होती. खेमसिंग जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "ऊन लागलं म्हणू. तुयं बी नाव खराब नाही होनार, मायं बी नाही."

तेवढ्यात सलोनीचे वडील विठ्ठलराव शेतातून धावत आले. दीपमाला सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"काका, ऊन नाही लागलं. जनरेटरचा धूर खाली भरला. झरोके मीच बंद केलते. माया हातानं."

"मायी पोर त्या भोकात पुन्हा येनार नाही," एवढंच विठ्ठलराव बोलले.

"नका पाठवू," ती म्हणाली. तिला रडूही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती बाकी आठही घरी गेली आणि हेच सांगितलं. एका दारात शिव्या खाल्ल्या, एका दारात पाणी मिळालं. मग ती खेमसिंगकडे गेली. "जनरेटर मागच्या अंगणात न्या. नाही तं मी चार लोकांत सांगीन." तो धुसफुसला, पण त्यानं नेला. दीपमालेनं झरोक्यांना जाळी बसवली आणि एकात हवा बाहेर फेकणारा जुना पंखा लावला. झळा पुन्हा आत येऊ लागल्या, धूळही. आता पांढरं कापड ती चादरीखाली झाकून ठेवते.

पंधरा दिवसांनी वर्ग उघडला, तेव्हा सहाजणी आल्या. सलोनी आली नाही. ती घरीच शिवते आणि कुठं अडलं तर फोन करते.

काम ऐन रंगात असतानाही दीपमाला मधेच हात वर करून मशिनी थांबवते आणि एकेकीला नाव घेऊन विचारते, "डोकं दुखून तं नाही राह्यलं?" बायका हसतात. ती सहाही उत्तरं ऐकून घेते, मगच मशीनचं पायडल दाबते.