मनोरमाताईंचा आक्षेप

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी, आणि मनोरमाताई वर्तक तिसऱ्या मजल्यावरच्या. बाई एकतीस वर्षं सरकारी कोषागारात होत्या. म्हणजे जिथे सगळ्या खात्यांची बिलं तपासली जातात आणि पास तरी होतात, नाहीतर परत तरी जातात. ताईंच्या हातून परतच जास्त गेली असणार, यात मला तिळमात्र शंका नाही. गणपतीत मी पंचवीस नारळ आणले तर ह्या बाईंनी नंतर करवंट्या मोजल्या! देवाशप्पथ. दूधवाला हसला तरी ह्यांना वाटतं, आज पाणी जास्त घातलंय.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या धाकट्या भावाला, परेशला, कामणजवळ एका ट्रकने उडवलं. परेश तिथल्या एका गोदामात सुपरवायझर. स्कूटर चेपली, उजव्या पायात सळया बसल्या, नोकरी गेली. ड्रायव्हर ट्रक पुढच्या वळणावर टाकून पळाला तो थेट राजस्थानात, गावी. परेशने त्याचा चेहरा पाहिला होता, गावाचं नावही कळलं होतं. पण ट्रकचा मालक म्हणे, गाडी त्या दिवशी चोरीला गेली होती, चालवणारा आमचा नव्हेच. ड्रायव्हर हाती लागल्याशिवाय परेशला भरपाईचा एक पैसा मिळायची आशा नव्हती. घरात दोन शाळेतली मुलं. ताईंचा जीव टांगणीला लागला होता.

तपास हवालदार फर्डिनंड तुस्कानोकडे होता. भुईगावचा, पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. मी ताईंबरोबर पोलीस ठाण्यात गेलो, त्या पहिल्याच भेटीत त्याने सांगितलं, "मॅडम, आणायला मी जातो. पण जाण्यायेण्याचं तुम्हाला बघावं लागेल. दोघांचं तिकीट, तिथली जीप. आमच्याकडे त्याला पैसे नसतात."

झालं! ताई ताडकन उठल्या. "एक रुपया देणार नाही. तपासाच्या प्रवासाला सरकार दरवर्षी वेगळं अनुदान देतं. डिझेलचं वेगळं, कागद-पेनाचं वेगळं, प्रवासाचं वेगळं. मला शिकवू नका."

बाहेर पडता पडता त्यांनी ठाण्यातल्या वस्तू वाचायला सुरुवात केली. हो, वाचायलाच. पंख्यावर एका सराफाचं नाव, बॅरिकेडवर बिल्डरचं, खुर्च्यांच्या पाठीवर कुठल्याशा मंडळाचं 'सप्रेम भेट'. ताई प्रत्येकापुढे वाकून बघत होत्या. ट्रकवाल्याचं नाव कुठे दिसतंय का!

"नाहीये," मी म्हटलं.

"लावलं नसेल," त्या म्हणाल्या. "सदाभाऊ, पाणी कुठेतरी मुरतंय."

"अहो, साप साप म्हणून भुई कशाला धोपटताय? दहा-पंधरा हजार टाका आणि मोकळ्या व्हा. मी देतो हवं तर!"

ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ते पैसेही मी सोसायटीच्या गंगाजळीतूनच काढणार होतो.

घरी जाऊन त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज ठोकला. तपासासाठीच्या प्रवासाला पाच वर्षांत किती रक्कम आली, किती खर्ची पडली, ह्या ठाण्यातून किती जणांनी मागितली? उत्तर यायला दीड महिना गेला. तोवर परेश भिंत धरून चालायला लागला होता आणि त्याची बायको शिवण घ्यायला लागली होती. उत्तर मात्र असं आलं की माझेही डोळे विस्फारले. दरवर्षी रक्कम आली होती. दरवर्षी मार्चअखेर त्यातली बरीचशी न वापरता परत गेली होती. आणि ह्या ठाण्यातून मागणाऱ्यांची संख्या पाचही वर्षं शून्य.

"बघा!" ताईंनी कागद माझ्यापुढे धरला. "सरकारचा पैसा घेतला तर हिशेब द्यावा लागतो. लोकांकडून घेतला की विचारणारा कोण? चोर आहेत सगळे."

खरं सांगतो, त्या दिवशी मलाही पटलं. एवढा गरीब चेहऱ्याचा फर्डिनंड, आणि आतून असा? माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ठाण्यात. ताईंनी तो कागद त्याच्या टेबलावर आपटला.

फर्डिनंडने सावकाश वाचला. मग उठून कपाटातून एक जुनी फाईल काढली. "का मागत नाही, ते वाचा," म्हणाला.

सात वर्षांपूर्वीचं त्याचं प्रवासाचं बिल होतं. अकरा हजार चारशे रुपये. एका चोरीतल्या आरोपीला त्याने परराज्यातून आणलं होतं, पदरचे पैसे घालून. बिल पहिल्यांदा परत, तिकिटाची मूळ प्रत नाही म्हणून. दुसऱ्यांदा परत, जीपभाड्याची पावती नाही म्हणून. तिसऱ्यांदा त्याने पावती मागवून जोडली होती. वहीचं पान, वेडंवाकडं अक्षर, खाली अंगठा. त्यावर लाल शाईत शेरा: 'पावती संशयास्पद वाटते. परत.' तेवढ्यात मार्च संपला आणि ती रक्कम बुडाली.

"तेव्हापासून इथे कोणी पदरचे घालत नाही, मॅडम. आणि आगाऊ मागायला गेलं, तर मंजुरी येईस्तोवर आरोपी दुसऱ्या गावाला गेलेला असतो."

मी पाहिलं तर ताईंचा चेहरा पांढराफटक. शेऱ्याखालच्या सहीवर त्यांनी बोट ठेवलं होतं.

"ही सही माझी आहे," त्या म्हणाल्या.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. फर्डिनंड ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो एवढंच म्हणाला, "पावती खरी होती, मॅडम. त्या जीपवाल्याला लिहिता येत नव्हतं. मुलीकडून लिहून घेतली त्याने."

ताईंनी पर्स उघडली आणि पंधरा हजार टेबलावर ठेवले.

"ह्याची पावती मला देता येणार नाही," फर्डिनंड म्हणाला.

"मागितलीय कोणी?"

सहाव्या दिवशी त्याने ड्रायव्हरला आणलं. परेशने ओळखलं, आणि मालकानेच गाडी देऊन पाठवलं होतं, हे ड्रायव्हरने आपणहून सांगितलं. ट्रक चोरीला-बिरीला काही गेला नव्हता. परेशची केस उभी राहिली. मला तर पेढे वाटावेसे वाटले!

आम्ही आभार मानायला गेलो, तेव्हा फर्डिनंडने न मागता खर्चाची चिठ्ठी दिली आणि उरलेले सातशे चाळीस रुपये परत केले. ताईंनी हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, मी पाहिलंय.

परत येताना रिक्षात त्या ती चिठ्ठी वाचत होत्या. माणिकपूर गेलं, स्टेशन गेलं, तरी वाचतच होत्या. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "सदाभाऊ, जीपचे पाच हजार जरा जास्त नाही वाटत?"

मी संतापाने वळलो. तोंडाशी शिवी आली होती. पण ताईंनी स्वतःचं वाक्य ऐकलं होतं. चिठ्ठी मुठीत चुरगळून त्या रडत होत्या.

"जात नाही हो हे माझ्यातून," त्या म्हणाल्या. "काय करू? जातच नाही."